चुकामाय

दवाखान्यात इतकी वर्षं काढून त्या बाईनं कधी कोणाला साधी गोळी दिली नाही. सुई टोचली नाही, नाडी धरली नाही. रक्त पाहिलं की ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि आम्हीच तिला पाणी द्यायचो. तरी पार सिरोंच्याकडून बंडी जुंपून आलेली माणसं दवाखान्याच्या फाटकात उतरली की आधी तिची खोली विचारत, डॉक्टर मागून. हे कसं झालं ते सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली, लिहिण्याचा सराव नाही. मागचं पुढं होईल. बायको असती तर तिनं मधेच टोकून सरळ केलं असतं. ती आता नाही.

बाई फ्रान्स देशाची. आलापल्लीच्या रस्त्याला, सागाचं जंगल संपून धानाच्या बांध्या लागतात तिथं आमचा दवाखाना होता. तो उभा केला एका म्हाताऱ्या परदेशी डॉक्टरानं. त्याला बायको ना पोर. पेट्या भरून पुस्तकं तेवढी होती, सगळी जुन्या डॉक्टरीची. मरताना तो सांगून गेला की माझ्या देशातून कोणीतरी येऊन ही पुस्तकं नीट लावावीत. आम्हाला वाटलं, आता मोठा डॉक्टर येईल. आली ही. उंच, वाळकी, पायात पुरुषाचे बूट, केस आपल्याच हातानं कापलेले, विळ्यानं गवत कापावं तसे. मी दवाखान्याची बंडी हाकत होतो, म्हणून आलापल्लीहून तिला आणायला मीच गेलो.

वाटेत विचारलं, "बाई, तुम्ही डाक्टरीन का?"

"नाही. मी ग्रंथपाल आहे."

मला त्यातली पालच तेवढी कळली. "म्हंजे काय करता?"

"कोणत्या पुस्तकात काय आहे, हे मला माहीत असतं."

"आन् मानसाले बरं कोन करते?"

"ते दुसरे लोक," बाई म्हणाली आणि बैलांकडे पाहत बसली.

तिच्या देशात ती डॉक्टरांच्या एका भल्यामोठ्या ग्रंथालयात होती. औषधांचा इतिहास लिहायची. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, एवढं मला शाळेत कळलं होतं. खोकल्याचाही इतिहास असतो हे तिच्याकडून कळलं. मग तिथलं सोडून या रानात काऊन आली? कोणी म्हणे नवरा लढाईत मेला, कोणी म्हणे नवराच नव्हता. मी एकदा तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "तिथली सगळी पुस्तकं लावून झाली होती." एक उन्हाळा राहीन म्हणून आली होती. ती आली तेव्हा आमचा चांदा जिल्हा नागपूरच्या राज्यात होता. गेली तेव्हा मुंबईच्या.

मराठी ती कुठल्याशा जुन्या पुस्तकातून शिकून आली होती. "आपण कृपा करून बसावे" असं गुराख्यालाही म्हणे. मग आमची बोली त्यात मिसळली आणि खिचडी झाली. एकदा मोठे साहेब दवाखाना पाहायला आले, तर ही हात जोडून म्हणाली, "आपण इथी काऊन आलात?" साहेबाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मोठ्या माणसाला भाऊ म्हणायचं असं कोणी तिला सांगितलं होतं, तर ती म्हाताऱ्या बायांनाही भाऊच म्हणे. बाया पदर तोंडाला लावून लोटपोट व्हायच्या. आणि तिचा 'र'! तो जिभेवर येतच नसे, घशातूनच निघे, गुळण्या केल्यासारखा. तिनं रामराम केला की पोरं पळत घरी जाऊन तसा रामराम करत.

पुस्तकाला हात लावायच्या आधी ती साबणानं हात धुई. जेवायच्या आधी नाही. म्हाताऱ्यामागून आलेले डॉक्टरसाहेब नागपूरकडचे होते, ते म्हणत, "बाई, उलटं करा हो. पुस्तकाला हगवण लागत नाही." ती म्हणे, "मला लागली तर तुम्ही आहात. पुस्तकाला कोण आहे?" बिडी ओढायची, पण खोलीत शिरताना विझवून कानामागं खोचायची. पुस्तक उघडण्याआधी ते नाकाला लावून वास घेई आणि सांगे, "याला पाणी लागलं आहे," नाहीतर "याच्यात उधई आहे." आमची बायको असाच वास घेऊन डाळ ओळखायची, म्हणून तिला बाई पहिल्या दिवसापासून आवडली.

उधईशी, म्हणजे वाळवीशी, बाईचं जन्माचं वैर. कपाटं तिनं सागाची करून घेतली, पाय राकेलच्या डब्यात ठेवले, पानापानांत निंबाचा पाला घातला. आणि दर उन्हाळ्यात सगळी पुस्तकं अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली खाटांवर मांडून हवा द्यायची. उन्हात नाही, सावलीत. ते काम माझं. एकदा मी म्हटलं, "बाई, एवढं काय हाय हो याच्यात?"

"चुका," ती म्हणाली.

मला वाटलं मराठी चुकली.

"चुका, भाऊ. मेलेल्या डॉक्टरांच्या चुका. हे पुस्तक म्हणते, ताप आला तर रक्त काढा. माणसं मेली. हे म्हणते, पारा पाजा. माणसं मेली. माझ्या खोलीत सगळ्या चुका नीट लावून ठेवल्या आहेत."

"मंग ह्या जाळून नाई का टाकत?"

"जाळल्या तर पुन्हा करतील."

डॉक्टरसाहेबांचा त्या खोलीवर डोळा होता. तिथं खाटा टाकता आल्या असत्या, रोगी ओसरीत निजत होते. दोघांचं त्यावरून वाजे. पण मी पाहिलं आहे, एखादा रोगी अडला की डॉक्टरसाहेब गुपचूप तिच्या खोलीत जायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत.

जुन्या दवायांचा तिला नाद होता. अहेरीच्या बाजारात जंगलातले म्हातारे मुळ्या-साली घेऊन बसत, त्यांच्यासमोर ही फतकल मारून बसे. ही साल कशाची, कोणाला देता, हे ती विचारतच नसे. तिचा एकच प्रश्न : "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" एका गोंड म्हाताऱ्याला तिनं असंच धरलं होतं, मी शेजारीच उभा होतो.

"माह्या बापानं."

"त्याला?"

"त्याच्या बापानं."

"त्याला कोणी सांगितलं?"

म्हातारा वैतागला. म्हणाला, "त्याले अस्वलानं."

आजूबाजूचे सगळे हसले. बाई हसली नाही. पुढं सरकून म्हणाली, "अस्वलाला कोणी सांगितलं?"

म्हाताऱ्यानं पुढ्यातल्या साली बाजूला सारल्या. मग त्यानं आपल्या पानातला अर्धा तंबाखू काढून तिच्या हातावर ठेवला. म्हणाला, "हे बाई भली हाय. अस्वलाचं आजवर कोनी विचारलं नव्हतं." त्यानंतर दर बाजारी तो तिच्यासाठी जागा धरून ठेवायचा.

आता ते चुकामायचं. एका उन्हाळ्यात मोहाखाली पुस्तकं मांडलेली होती. सावली बरी म्हणून एक बाई आपलं तापलेलं पोरगं घेऊन तिथंच टेकली, आणि ते पोरगं एका जाड पुस्तकावर डोकं ठेवून झोपलं. सांजेला ताप उतरला. गोळी सकाळीच दिलेली होती, पण गोळी कोणाच्या ध्यानात राहते? पुढच्या बाजारी कुंकू आलं, नारळ आला, हळदीत बुडवलेलं सूत आलं. मोठी पोथी आहे, डोक्याला लावली की गुण येतो, अशी बोलवा झाली. बाई झाडू घेऊन धावली. "पोथी नाही! देव नाही! चुका आहेत! इथे फक्त चुका!"

पण तिचं ऐकून तर गर्दी वाढलीच. शेवटी मी तिला बाजूला घेतलं.

"बाई, तुम्ही चुका चुका वरडता, त्यानंच तं लोक येऊन राह्यले. त्याईले वाटते, इथी मरन चुकते."

"चुकते म्हणजे?"

"टळते. येनार असते, पन वाट चुकते."

बाई झाडूसकट खाटेवर बसली. "चूक म्हणजे ते, आणि चुकणे म्हणजे हे? एकच शब्द?"

"एकच."

"कोणी केली ही भाषा?" ती म्हणाली. मी म्हटलं, अस्वलानं. तेव्हा मात्र ती खोखो हसली.

तोवर बायांनी खोलीला नाव देऊन टाकलं होतं : चुकामाय. जशी गावदेवी माता माय, तशी चुकामाय. बाई कुंकू पुसायची, ते पुन्हा लागायचं. मात्र तिनं एकालाही पुस्तक डोक्याला लावू दिलं नाही. किती जणी पाया पडल्या, रडल्या. ती म्हणे, "मी खोटं करत नाही. डॉक्टरांकडे जा." लोकांना ती कठोर वाटायची. मलाही वाटायची.

चंद्री आमची पहिली. नुकती बोलायला लागली होती. बाई सदा "काऊन? काऊन?" विचारायची, म्हणून चंद्री तिलाच काऊन म्हणे. "काऊन आली, काऊन आली," म्हणत तिच्या बुटांत पाय घालून अंगणभर फिरायची, आणि बाई अनवाणी तिच्या मागं.

धान निसवायच्या दिवसांत चंद्रीला ताप आला. तो डोक्यात चढला. डॉक्टरसाहेबांनी सुया दिल्या, अंग पुसलं, उशाशी बसून राहिले. दुपारी म्हणाले, "माझ्या हातातलं मी केलं. आता वाट पाहायची." हे ऐकलं आणि बायको उठली. तडक बाईच्या खोलीत. मी मागं.

"बाई, पोथी घ्या न् चला."

"चंद्रीची माय, ही पोथी नाही. मी किती वेळा..."

"सांगतलं तुम्ही. चला."

"मी खोटं करत नाही."

"खरंखोटं तुमच्यापाशी ठेवा! तुम्ही वाचसान तं पोरगी वाचन. चला मनते ना मी!"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी दार सोडून बाजूला झालो. माझंही तेच म्हणणं होतं. ती उभी राहिली. हात धुतले. मग कपाटापाशी गेली आणि एकेक पुस्तक काढून परत ठेवू लागली. मला राहवेना. ओरडलो, "कोनतंबी घ्या हो! पोरगी मरून राह्यली तिकडं!"

"कोणतंही नाही," ती पाठमोरीच म्हणाली. सगळ्यात खालच्या खणातून तिनं एक लहान, तपकिरी पुस्तक काढलं.

खाटेपाशी स्टुलावर बसली. बायकोनं चंद्रीचा हात उचलून पुस्तकाच्या कडेवर ठेवला. बाई वाचू लागली, तिच्या भाषेत. तोच घशातला 'र', ज्याला अख्खा गाव हसायचा. त्या दिवशी कोणी हसलं नाही. डॉक्टरसाहेब दारात आले. आता हे बोलतील असं वाटलं, पण त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीशी बसले. एक शब्द कळत नव्हता आम्हाला. पण कोणीतरी माणूस काहीतरी सांगतो आहे, घाई न करता सांगतो आहे, एवढं कळत होतं.

गुरं परतायच्या वेळेला चंद्री गेली. बाई वाचतच होती. तिला कळलं नव्हतं असं नाही, आवाज बदलला होता. पण तिनं मधेच सोडलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "बस, बाई."

चंद्रीला आम्ही पुरलं. आणि चुकामाय संपली. खुद्द बाईनं पोथी वाचली तरी पोरगी गेली, मग कसली माय? त्या बाजारापासून कुंकू नाही, नारळ नाही. बाईला इतकी वर्षं जे हवं होतं ते झालं. पण तिचं तोंड पाहवत नव्हतं. अंगणात येईना, बाजाराला जाईना. कानामागची बिडी तशीच असायची. डॉक्टरसाहेबांनी एकदा समजावलं, "बाई, मलेरिया होता. तुमच्या वाचण्यानं काही बिघडलं नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे. वाचण्यानं काही होत नाही हे तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर."

आम्ही तिकडे जात नव्हतो. मी बंडी फाटकाशीच सोडायचो. एका बाजाराच्या दिवशी परत येताना बायकोनं मधेच बंडी थांबवायला लावली आणि सरळ आत गेली.

"बाई, तवा काय वाचलं ते सांगा."

बाईनं पुस्तक काढलं. समोर उघडून ठेवलं. म्हणाली, ते तिच्या देशातल्या जुन्या काळच्या एका डॉक्टरानं लिहिलं आहे. त्याची स्वतःची मुलगी आजारी पडली. घसा धरला होता तिचा. तेव्हा सगळे डॉक्टर रक्त काढत, त्यानंही काढलं. एकदा काढलं, गुण आला नाही म्हणून पुन्हा काढलं. मुलगी गेली. मग त्यानं सगळं लिहून ठेवलं. ती सकाळी काय बोलली, काय मागितलं, त्यानं काय केलं. आणि शेवटी लिहिलं की मी केलं ते करू नका.

बायको ऐकत होती. "पोरीचं नाव काय होतं?"

बाईनं पानं उलटली. पुन्हा मागं जाऊन उलटली. "लिहिलं नाही," ती म्हणाली. "मी हे कितीदा वाचलं. मी पाहिलंच नाही."

"लिहवलं नसंल त्याच्याच्यानं," बायको म्हणाली. "वाचा एकडाव पुन्हा."

मग ती रीतच पडली. बाजार करून येताना बायको आत जायची, पायरीवर बसायची आणि बाई वाचायची. मी बैलांपाशी सावलीत. लोक म्हणत, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. एकदा मीही वाटेत चिडलो.

"समजते का तुले काही त्याच्यातलं?"

"नाई."

"मंग कायले जाते?"

"घरी चंद्रीचं कोनी बोलत नाई. तुम्ही नाई, तुमची माय नाई. तो मानूस बोलते."

मी बैलांना हाकललं.

पुढं आम्हाला मुलगे झाले. बायको कडेवर पोर घेऊनही जायची. बाईचे डोळे मात्र बिघडत गेले. आधी पुस्तक खिडकीशी न्यायची, मग भिंग आलं, मग भिंगानंही भागेना. शेवटी शेवटी ते तपकिरी पुस्तक मांडीवर मिटलेलं असे, त्यावर हात ठेवून ती बोलत असे. सगळं पाठ होतं. पण हात मात्र आधी धुवायचे ते धुवायचेच.

पुस्तकं वास घेऊन कपाटात ठेवता येतात, पण वाचता येत नाहीत, तर इथं राहून काय करू, असं ती म्हणाली आणि जायचं ठरवलं. आलापल्लीला मोटारीवर सोडायला मीच गेलो. बायको हट्टानं बरोबर आली. मोटार आली तेव्हा बाईनं पिशवीतून ते पुस्तक काढलं आणि बायकोपुढं धरलं.

"मले नको," बायको म्हणाली. "तो तुमच्या तोंडून बोलते. माह्या घरी मुका होईल."

बाईनं पुस्तक परत ठेवलं. मग विचारलं, "चंद्रीची माय, खरं सांगा. त्या दिवशी मी चूक केली?"

मला वाटलं बायको आता काहीतरी गोड बोलेल. बाई जात होती, म्हातारी होत चालली होती, डोळ्यांनी अधू.

"केली," बायको म्हणाली. "तुम्ही खोटं करत नवता, न् माह्यासाठी केलं. पन नसती केली तं मी जलमभर तुमच्याशी बोलली नसती."

बाईला दिसत नव्हतं नीट. तिनं हात पुढं करून चाचपलं आणि बायकोचा चेहरा धरला. मोटारीचा माणूस ओरडत होता. मी पेटी टपावर चढवली.

मागून खोलीत खाटा पडल्या. पुस्तकं कोणी कुठं नेली मला माहीत नाही, बाईचंही पुढं काही कळलं नाही. पत्र लिहायला ती डोळ्यांनी गेलेली आणि आम्ही असे अर्धे शिकलेले. बायकोनंही पुन्हा तिचं नाव काढलं नाही. पोरांची लग्नं, नातवंडं, वावर, यातच दिवस गेले. मी समजलो, विसरली.

मागच्या थंडीत ती अंथरुणाला लागली. माणसं ओळखेना. मुलांना ओळखेना, मलाही नाही. मी पाणी पाजायला गेलो की कोण परका आला म्हणून पदर ओढून घ्यायची. बोलणं थांबलं होतं. मग एके दिवशी ओठ हलू लागले. बारीक आवाजात, थांबत थांबत, पण घाई न करता. सून जवळ बसली होती, तिनं मला हाक मारली.

"मामाजी, आत्याबाई काय बोलून राह्यल्या? तेलुगू हाय का?"

मी खाली वाकून कान लावला. घशातून निघत होता 'र'. डोळे मिटलेले आणि हात पुढं, गोधडीच्या कडेवर ठेवलेला.

"नाई पोरी," मी म्हटलं. "वाचून राह्यली."